दांड्यावरची फुली

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. आजवर माझ्यावरून दोन माणसं जबर पडली. पहिला पडला तेव्हा सगळ्यांनी त्यालाच दोष दिला. दुसरा पडणार हे मला सहा आठवडे आधीच कळलं होतं, पण यंत्राला वाचा नसते. तेव्हा जे सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म साठ वर्षांपूर्वी विलायतेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तुम्ही रस्त्यावर रोज पाहता तसली मी गाडी नव्हे. मला पळण्यासाठी बनवलंच नव्हतं. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, उभ्या चढावरून पाय जमिनीला न टेकवता, अगदी हळूहळू गाडी न्यायची, असा एक खेळ असतो. त्याला ट्रायल म्हणतात. मी त्या खेळाची गाडी. म्हणून माझी टाकी एवढीशी, पातळ अ‍ॅल्युमिनियमची. सीट नावापुरती, कारण स्वार उभाच राहतो. दगडाला घासू नये म्हणून सायलेन्सर वर उचललेला, आणि मागच्या चाकाचं दातेरी चक्र जेवणाच्या ताटाएवढं मोठं.

माझ्या शरीरातला एक भाग मात्र नीट ओळखून घ्या. हँडलच्या खाली एक जाड पोलादी पट्टी असते. पुढच्या चाकाचे दोन्ही पाय ती धरून ठेवते. पट्टीच्या मधोमध वीतभर उंचीचा उभा दांडा असतो. तो माझ्या मानेत बसतो आणि त्याच्यावर हँडल फिरतं. पट्टी आणि दांडा मिळून उलट्या टी या इंग्रजी अक्षरासारखे दिसतात, म्हणून गॅरेजवाले त्याला नुसतं ‘टी’ म्हणतात. चेन तुटली, तार तुटली तर गाडी थांबते. टी तुटला तर चाक एकीकडे जातं आणि माणूस दुसरीकडे. आमच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या मानेवर जो नंबर ठोकला, तोच टीवरही ठोकला. दोघांची जोडी ओळखू यावी म्हणून.

परळीला वीज केंद्राचं काम चालू होतं, तेव्हा एक परदेशी इंजिनिअर मला लाकडी खोक्यात घालून घेऊन आला. दर रविवारी तो मला परळीच्या डोंगरात फिरवायचा. कोळशाच्या राखेनं माझी पांढरी टाकी करडी व्हायची आणि तो ती रुमालानं पुसायचा. काम संपल्यावर तो मायदेशी गेला आणि जाताना मला वीज खात्याकडे देऊन गेला. खात्यात मला चालवणारा एकच माणूस निघाला. त्याचं नाव राधाकिशन.

राधाकिशन मांजरसुंब्याचा. बालाघाटच्या डोंगरांवरून विजेच्या तारांचे उंच मनोरे गेलेले आहेत, त्यांची पाहणी करायचं काम त्याच्याकडे होतं. जिथं जीप जात नाही तिथं तो मला घेऊन जायचा. उभं राहून चालवणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पडून पडून तो स्वतःच शिकला. मी इतकी हळू चालायचे की चरणारी मेंढरंसुद्धा बाजूला होत नसत. त्या मेंढरांमागं धुळाजी नावाचा तरणा धनगर असायचा. दोघं एका दगडावर बसून भाकरी खायचे. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती.

पण चांगल्या वर्षांतच माझ्या आत काहीतरी बिघडायला लागलं होतं. टीचा दांडा जिथं पट्टीला मिळतो, तिथं पोलादात केसाएवढी चीर पडली होती. दर उतरणीला ती थोडी पुढं सरकायची. बाहेरून काहीही दिसत नव्हतं.

१९८८ सालचा मार्च महिना होता. मांजरसुंब्याच्या डोंगरावर एके ठिकाणी खडकाच्या तीन नैसर्गिक पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी गुडघ्याएवढी. राधाकिशननं मला तिथून शेकडो वेळा उतरवलं असेल. त्या दिवशी दुसऱ्या पायरीवर चीर एकदम अर्ध्या दांड्यापर्यंत गेली, दांडा वाकला आणि मानेतच अडकून बसला. राधाकिशन जीव खाऊन हँडल उजवीकडं ओढत होता. ते डावीकडंच राहिलं. डावीकडं दरड होती.

धुळाजीनं हे सगळं पन्नास पावलांवरून पाहिलं. त्यानं राधाकिशनला घोंगडीत घातलं आणि आणखी तिघांना हाका मारून खाली आणलं. राधाकिशनचा जीव वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं ते मोडलंच. पुढं आयुष्यभर तो काठी घेऊन चालला. खात्याच्या साहेबांनी चौकशी केली आणि कागदावर लिहिलं, ‘स्वाराचा निष्काळजीपणा’. गावानं त्या कागदाला आणखी एक शेपूट जोडलं. म्हणे, राधाकिशन पिऊन होता. तो तर सुपारीसुद्धा खात नव्हता.

मला दुरुस्तीसाठी चौफुलीवरच्या गुफरान मिस्त्रींकडे पाठवलं. गुफरान मिस्त्री म्हणजे मोठा कसबी माणूस. त्यांनी टी बाहेर काढला, रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि त्याच्यावर पांढरा खडू घासला. थोड्या वेळानं चिरीत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपलं आणि खडूच्या पांढऱ्यावर एक काळी बारीक रेघ उमटली. मग तो टी घेऊन मिस्त्री खात्याच्या कार्यालयात गेले.

“साहेब, ह्या माणसाचा काही कसूर न्हाई. हे बघा.”

“रिपोर्ट वर गेला, मिस्त्री,” साहेब म्हणाले. “आता काय उपयोग?”

मिस्त्री परत आले. त्यांनी ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलचं पोलाद लेथवर चढवलं आणि चार दिवस खपून माझ्यासाठी नवा टी घडवला. जुन्या टीच्या दांड्यावर त्यांनी कानशीनं एक फुली घासली. बाद, असा तिचा अर्थ. तरी त्यांनी तो टाकून दिला नाही. पुढंमागं कुणी खरं विचारायला आलं तर पुरावा असावा, म्हणून पोत्यात गुंडाळून लेथच्या लाकडी बैठकीखाली सारला. पोत्यावर चिठ्ठी लावली नाही, घरात कुणाला सांगितलं नाही. मुलगा नबी तेव्हा सौदीतल्या जेद्दाला एका गॅरेजात नोकरीला होता. त्याच वर्षी, राधाकिशन दवाखान्यातून घरी यायच्या आधीच, गुफरान मिस्त्री वारले.

खात्यानं मला भंगारात काढलं. राधाकिशननं मला सोडवून घरी आणलं आणि गोठ्यात उभं केलं. तो कधीकधी काठी टेकत यायचा आणि हँडल डावी-उजवीकडं फिरवून पाहायचा. ते आता लोण्यासारखं फिरत होतं. त्यामुळं त्याला स्वतःच्याच आठवणीचा भरवसा वाटेनासा झाला. हँडल खरंच अडकलं होतं, की आपणच घाबरलो? त्याची बायको सत्यभामा दारातून म्हणायची, “बघा, गाडी चांगली हाय. तुमचंच ध्यान कुठं व्हतं कुणास ठावं.” “हँडल अडकलं व्हतं,” असं तो सुरुवातीला सांगायचा, पुढं तेही त्यानं सोडलं.

वर्षं गेली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. पाहुण्यांपैकी कुणी टाकी नेली, कुणी कार्बोरेटर विकला, सायलेन्सर कुठं गेला ते मलाही कळलं नाही. राधाकिशन वारला, त्यालाही आता सहा वर्षं झाली.

त्याचा मुलगा अंगद बीडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. वडील पडले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. ‘पिऊन पडलेल्याचा पोरगा’ हे त्यानं शाळेत रोज ऐकलं होतं. गेल्या वर्षी त्यानं माझ्यावरची ताडपत्री काढली, धूळ पुसली आणि मला टेम्पोत घालून चौफुलीवर नबी मिस्त्रींकडं आणलं. नबी आता बासष्ट वर्षांचे आहेत. वडिलांचं गॅरेज तेच चालवतात.

“चाचा,” अंगद म्हणाला, “गोऱ्या साहेबानं परळीला खोक्यातून काढली तशी करायची. एक बी भाग इकडचा नको. डिसेंबरात इथंच डोंगरावर जुन्या गाड्यांचा मेळावा हाय. पुण्या-मुंबईचे लोक येणार हायत. मी तीन पायऱ्यांवरून उतरणार.”

“तिथूनच कावून?” नबींनी विचारलं.

“बाबांचं राहिलेलं पुरं करतो. गाडी चांगली होती, माणूस चुकला. मी चुकणार न्हाई.”

मला त्याची फार दया आली. बापाची बदनामी पुसायची म्हणून तो निघाला होता, आणि बापच चुकला हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

मग माझे हरवलेले अवयव शोधायला सुरुवात झाली. नबींसारखा पारखी मी पाहिला नाही. चकलांब्याच्या एका शेतकऱ्याकडं माझी टाकी सापडली. तो तिच्यात इंजिनाचं रॉकेल ठेवायचा. हिरवा रंग चढवलेला होता, तरी नबींनी तिच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि हातोडीनं ठोकल्याच्या बारीक खुणा ओळखल्या. परळीच्या भंगारवाल्याकडं राखेनं माखलेल्या ढिगातून त्यांनी कार्बोरेटर उचलला. तसे तिथं सात होते. त्यांनी प्रत्येकाचं तोंड मोजलं, ओतीव अक्षरं दिव्याखाली धरली आणि माझाच बरोबर काढला. सायलेन्सर मिळाला नाही, तो पुण्याच्या एका हौशी संग्राहकाकडून मागवला. नबींची मुलगी समिना बीडच्या आयटीआयमध्ये लेथकाम शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती येऊन वडिलांबरोबर काम करायची. बापलेकीचं पटायचंही आणि भांडणंही तेवढीच व्हायची.

राहिला होता फक्त टी. माझ्या मानेतला टी देशी आहे हे नबींनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

“हे अब्बांच्या हातचं काम हाय,” ते म्हणाले. “काम लाखात एक, पण असली न्हाई.”

नोव्हेंबर लागायच्या आधीची गोष्ट. लेथ हलवून खालची बैठक साफ करताना एक पोतं हाती लागलं. ते कुजलं होतं. नबींनी उकलताच आतून तो टी बाहेर आला, माझाच नंबर अंगावर घेऊन. नबी लहान मुलासारखे ओरडले, “समिना! असली टी! नंबर बघ, मानेवरचाच नंबर!”

मित्रांनो, त्या क्षणापासून माझे सहा आठवडे सुरू झाले.

समिनानं टी हातात घेऊन फिरवला. “अब्बा, दांड्यावर फुली कसली?”

“कारखान्यातल्या तपासनिसाची खूण. तिकडं पास झालेल्या मालावर खूण करायचे. मी फोटोत पाहिलंय.”

“पण ही ठोकलेली न्हाई वाटत. कानशीनं घासल्यासारखी हाय.”

“अगं, तवा सगळं हातानंच करायचे.”

“आणि दादाअब्बांनी टी बदलला कावून मग?”

“दांडा वाकलाय, दिसतंय की. पडल्यावर वाकला आसंल. त्यांच्याकडं प्रेस नव्हता, माझ्याकडं हाय.”

नबींनी दांडा प्रेसखाली धरला आणि दाब देत देत सरळ केला. आतली चीर आणखी उघडली. तिचा आवाजही झाला, टिचकीएवढा. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि तो आवाज कुणी ऐकला नाही.

पुढच्या रविवारी समिना रॉकेल आणि खडू घेऊनच आली. आजोबांची ती रीत तिनं आयटीआयमध्ये मुलांना शिकवली होती. पण तोवर टी वाळूच्या फवाऱ्यानं घासून, भट्टीत भाजून, काळ्याभोर चकचकीत रंगात परत आला होता. रंगाखाली चीर बुजली होती. फुलीवर मात्र नबींनी हौसेनं रंग चढू दिला नव्हता. कारखान्याची खूण दिसायला हवी ना!

“रंग खरवडून बघू या, अब्बा. एवढंसंच.”

“आता रंग खराब करती का? पोलाद हाय ते विलायतेचं. तुझ्या-माझ्या आधीपासून हाय.”

समिनानं रॉकेलची बाटली खिडकीत ठेवून दिली. वडिलांचा इतका आनंद तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिला तो मोडवला नाही. मी तिला दोष देत नाही. पण ती बाटली रोज माझ्यासमोर होती आणि रोज मी तिच्याकडं पाहत होते.

गुफरान मिस्त्रींच्या हातचा टी माझ्या मानेतून निघाला आणि जुना बसला. माणसाला स्वतःचं दुखणं कळतं ना, तसं मला ते कळलं. इंजिन सुरू झालं की त्या जागी एक बारीक कंप उठायचा. नबी कान लावून इंजिन ऐकायचे, चेन ऐकायचे. मानेपाशी त्यांनी कान कधी नेला नाही.

आणखी एक माणूस होता ज्याला खरं माहीत होतं. मेळाव्याला दहा दिवस असताना धुळाजी गॅरेजात आला. आता त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या आहेत. मला पाहून तो दारातच थांबला. डोक्यावरचा पटका काढून त्यानं काखेत धरला. आत अंगद माझी टाकी पुसत होता.

“मास्तर, ही तीच ना?” धुळाजी म्हणाला. “हिच्यावर बसू नका. त्या दिशी मी तिथं व्हतो. तुमच्या बापानं लई जोर केला, पर हिचं हँडल...”

“धुळाजीबाबा,” अंगद मधेच तोडून म्हणाला, “तुम्ही बाबांना खाली आणलं, ते उपकार मी विसरणार न्हाई. पण तो विषय नको. छत्तीस वर्षं मी तेच ऐकतोय.”

“तसं न्हाई ओ, ऐकून तर घ्या...”

“नको म्हणलं ना!”

धुळाजीनं पटका पुन्हा बांधला. निघताना माझ्याकडं पाहून तो हळूच म्हणाला, “मुकं जनावर बी इशारा देतं,” आणि रस्ता ओलांडून निघून गेला. एक वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला असता? पण अंगदला ते वाक्य आतापर्यंत इतरांनी म्हटलं तसलंच असणार असं वाटलं. मला त्याचाही राग येत नाही.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मला सरावासाठी डोंगरावर नेलं. ऊन कोवळं होतं, गवत वाळून पिवळं पडलं होतं. आदल्या दिवशी अंगदनं मला महामार्गावर पाच किलोमीटर चालवलं होतं आणि मी मुकाट चालले होते. सपाट रस्त्यावर मानेला भार पडत नाही. खरा भार पायरी उतरताना पडतो.

तीन पायऱ्यांपाशी आल्यावर अंगदनं हेल्मेट घातलं. नबींनी हात पुढं केला.

“हेल्मेट इकडं द्या, सर.”

“का, चाचा?”

“आमच्या धंद्यात गाडी आधी मिस्त्री चालवतो, मग मालक. माझ्या बापापासून रीत हाय.”

“अब्बा, तुमचं वय बघा!” समिना म्हणाली.

“हळूच उतरतो की. जेद्दात वाळूच्या डोंगरांवरनं चालवल्यात मी.”

ते माझ्यावर उभे राहिले. त्यांचे हात हँडलवर आले तेव्हा त्यांना मी थरथरताना जाणवले असेन का? मी इंजिन बंद पाडायचा प्रयत्न केला म्हटलं, तर ते खोटं होईल. यंत्राला तसं काही करता येत नाही. त्यांनी माझी जोडणी इतकी निर्दोष केली होती की मी पहिल्या किकला सुरू झाले होते.

पहिली पायरी उतरली. समिनानं सुस्कारा टाकला. अंगदनं टाळी वाजवली.

दुसऱ्या पायरीवर पुढचं चाक खाली टेकलं आणि दांडा मोडला. बंदुकीसारखा आवाज आला. चाक माझ्या अंगाखाली दुमडलं, हँडल नबींच्या हातातच राहिलं. ते हँडल धरूनच हवेतून गेले आणि उजव्या हातावर, तिसऱ्या पायरीच्या कडेवर आपटले. मी त्यांच्या मनगटावर पडले. सगळ्यात जास्त सांगायला नको वाटतं ते हेच.

समिना ओरडली नाही. ती धावत खाली गेली, एकटीनं मला उचलून बाजूला लोटलं आणि वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं. अंगद मात्र जागचा हललाच नाही. तो हातात उरलेल्या मोकळ्या हेल्मेटच्या पिशवीकडं पाहत उभा होता. मग एकाएकी खाली बसून म्हणाला, “हँडल... हँडलच सुटलं. बाबाही हँडलचंच सांगत होते.”

बीडच्या दवाखान्यात नबींच्या हातावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. हेल्मेटमुळं डोकं वाचलं. उजव्या हाताची बोटं मात्र आता मिटत नाहीत. पान्हा धरता येत नाही, कानस धरता येत नाही.

पुढचं मला समिना आणि अंगद गॅरेजात बोलत होते तेव्हा कळलं. शुद्धीवर आल्यावर नबींनी पहिली मागणी केली ती मोडलेल्या टीची. समिनानं तो पदराखाली झाकून दवाखान्यात नेला. अंगद खाटेपाशी बसलेला होता. नबींनी डाव्या हातानं दांड्याचं मोडलेलं तोंड उजेडाकडं वळवलं. अर्धं तोंड काळं, गंजलेलं होतं. उरलेलं अर्धं नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

“सर, हे वाचायला शिका,” ते म्हणाले. “पोलाद ज्या दिवशी चिरतं त्या दिवसापासून ती जागा काळी पडत जाते. हा काळा भाग तुमच्या बाबांच्या वेळचा. हा चमकणारा माझा. तुमचे बाबा चुकले नव्हते.”

अंगदनं त्यांच्या खाटेच्या कडेवर डोकं टेकलं.

“आणि ही फुली,” नबी पुढं म्हणाले, “माझ्या बापानं हिच्यातनं मला सांगून ठेवलं व्हतं. मला वाचता आलं न्हाई. पोरीला दिसली, पण मी तिला गप्प केलं.”

अंगद तो टी घेऊन घरी गेला आणि आईच्या हातात दिला. सत्यभामानं पुन्हा पुन्हा विचारलं, काळा भाग कोणता, चमकणारा कोणता. मग ती टी मांडीवर ठेवून दिवसभर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पाटी भरून भाकरी आणि पिठलं घेऊन ती दवाखान्यात गेली आणि नबींपुढं बसली.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुमचा हात गेला तवा आमचा माणूस खरा ठरला. मी ह्याला काय म्हनू?”

“काही म्हनू नका, भाभी. भाकरी वाढा.”

ती उजव्या हाताला बसली होती. उठून डावीकडं गेली आणि त्यांच्या डाव्या हातात घास दिला.

मेळावा झाला. मी त्यात नव्हते. पण माझी बातमी तिथं पोहोचली आणि आठवड्यानं एक गाडी गॅरेजासमोर उभी राहिली. तिच्यातून पुण्याचा तोच हौशी संग्राहक उतरला, ज्याच्याकडून सायलेन्सर आणला होता. मोठा गोड बोलणारा माणूस. त्यानं मला सगळीकडून पाहिलं, फोटो काढले आणि समिनाला विचारलं, “मोडलेला टी कुठे आहे? नंबर शाबूत आहे ना? मग वेल्ड करून घेऊ, वरून रंग मारला की कळणारसुद्धा नाही. अशा नंबरांच्या जोडीची गाडी देशात दुसरी नसेल.”

“आणि चालवायला घेतली कुणी तर?” समिनानं विचारलं.

“कोण चालवतंय! दिवाणखान्यात उभी राहील.”

“आज दिवाणखान्यात. पुढं?”

तो हसला आणि आपलं नाव-नंबर लिहिलेलं कार्ड माझ्या टाकीवर ठेवून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी सत्यभामा अंगदला घेऊन गॅरेजात आली. नबीही आले होते, हात गळ्यात अडकवलेला. समिनानं कार्ड दाखवून सगळं सांगितलं. अंगद म्हणाला, “आई, टी आपल्याकडंच राहू दे. बाबांचा पुरावा हाय तो. कपाटात ठेवू.”

सत्यभामानं पिशवीतून टी काढला आणि समिनाच्या समोर ठेवला.

“मला दिसलं, तुला दिसलं. आता कुणाला दावायचं राहिलंय?” ती म्हणाली. “कपाटातनं वस्तू बाहेर येती, बाळा. आपण मेल्यावर येती. पोरी, काप ह्याला.”

नबींनी होकाराची मान हलवली. समिनानं डोळ्यांवर चष्मा चढवला, टी शिकंज्यात आवळला आणि कटर चालू केला. ठिणग्या माझ्या चाकापर्यंत आल्या. तिनं आधी दांडा कापला, फुलीच्या मधून. मग पट्टी, नंबराच्या मधून. अंगदनं तोंड फिरवलं. सत्यभामा मात्र शेवटचा तुकडा पडेपर्यंत पाहत होती. मग तिनं विचारलं, “हे आता कुठल्याच गाडीला लागणार न्हाई ना?”

“न्हाई, मावशी,” समिना म्हणाली. “आता कुठल्याच न्हाई.”

मित्रांनो, माझ्या जोडीचा नंबर असा संपला. जाणकार लोक आता मला असली म्हणणार नाहीत. गुफरान मिस्त्रींनी घडवलेला टी पुन्हा माझ्या मानेत बसला आहे. बसवण्याआधी समिनानं त्याला रॉकेलात बुडवलं, खडू घासला आणि तासभर त्याच्यासमोर बसून राहिली. खडू पांढराच राहिला. गॅरेजातून आता जो जो निकामी भाग निघतो, त्याला ती एक पत्र्याची पट्टी बांधते. नबी खुर्चीत बसून सांगतात आणि ती खिळ्यानं पत्र्यावर कोरते. कोणत्या गाडीचा, कधी काढला, का काढला. मग भाग कापून टाकते.

तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, झोपाळा असेल, माळ्यावर पडलेली विजेची शेगडी असेल. चमकवण्याआधी तिला एकदा विचारा, तुझं काय दुखतं? ती बोलणार नाही. म्हणून ज्यांनी तिला पूर्वी पाहिलं असेल त्यांना विचारा आणि त्यांचं बोलणं मधेच तोडू नका. मोडकी वस्तू ठेवणार असाल तर ती का मोडली ते तिच्यावर लिहून ठेवा, अक्षरांत लिहा, कुणालाही वाचता येईल असं.

येत्या रविवारी अंगद मला पुन्हा डोंगरावर नेणार आहे. तीन पायऱ्यांच्या वर धुळाजी येऊन थांबणार आहे. सगळं ठीक आहे असं समिना म्हणते, नबी म्हणतात. माझ्या मानेत आता कसलाही कंप नाही. तरीसुद्धा त्या दुसऱ्या पायरीचं नाव निघालं की मी गॅरेजात उभ्या उभ्या गार पडते.